मागे वळलेली पळी

"माझा मुलगा लोकांच्या मनातलं लिहितो," असं मी माझ्या लोणच्यांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला सांगायचे. कुणी विचारलेलं नसताना सांगायचे. मुळ्याची किमची तोलता तोलता, डब्याचं झाकण लावता लावता. जॉन्जूच्या आमच्या गल्लीत बाकीच्यांची मुलं बँकेत नाहीतर गाड्यांच्या कारखान्यात. माझा एकुलता एक इनसॉप मात्र सोलमध्ये, पिल्सू साहेबांच्या चॅनेलवर.

तो तिथे काय करतो हे समजावून सांगायला मला फार आवडायचं. आमच्या कोरियातला कुठलाही गमतीचा कार्यक्रम लावा, माणसं तोंडानं एक बोलतात आणि पडद्यावर रंगीत अक्षरांत दुसरंच उमटतं. कुणी गप्प बसलं की लगेच खाली अक्षरं येतात, ‘आतून घाम फुटलाय’, नाहीतर ‘सासूची आठवण आली वाटतं’. गप्प बसलेला माणूस आमच्या लोकांना चालतच नाही. ती अक्षरं नसली तर माझ्या नवऱ्याला कुठे हसायचं ते कळत नाही, चक्क माझ्याकडे बघतो. तर ती अक्षरं इनसॉप लिहायचा. पिल्सू साहेब गावोगावच्या बाजारांत जाऊन म्हाताऱ्या बायकांच्या हातचं खायचे, त्यांची थट्टामस्करी करायचे, आणि माझा मुलगा कानाला हेडफोन लावून ते पुन्हा पुन्हा ऐकायचा आणि कुणाच्या मनात काय चाललंय ते ठरवायचा. "इनसॉपची आई, पोराचे कान म्हणजे कान आहेत हं," असं शेजारची कापडवाली म्हणाली की मी तिच्या डब्यात तिळाची पानं चार जास्त घालायचे.

नामवॉनच्या बाजारातला भाग आला तो वसंतात. पिल्सू साहेब एका रस्साभाताच्या टपरीत बसलेत. टपरी माल्सुन आजींची. पाठीत वाकलेली बाई, डोक्याला फडकं, समोर उकळता हंडा. साहेब विचारतात, "आजी, मीठ बरोबर पडलंय की नाही, बघतं कोण?" आजी उत्तर देत नाहीत. हंड्यातून पळीभर रस्सा काढतात आणि हात बाजूला लांब करतात, कुणाला तरी द्यावा तसा. हात तिथेच थांबतो. मग पळी तशीच मागे वळते आणि रस्सा परत हंड्यात. इथे इनसॉपनं घंटा वाजवली होती, जुन्या दुकानांतल्या गल्ल्याची असायची तशी, टिंग! आणि खाली पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘वर घालणार होते… पण परवडत नाही बाई!’

आता हे परक्या माणसाला कळायचं नाही. आमच्या बाजारांत वर घालण्यावरच बाईची किंमत ठरते. भाजी घेतली की मूठभर वर, रस्सा घेतला की अर्धी पळी वर, न मागता. जी घालत नाही तिच्याबद्दल बायका फार काही बोलत नाहीत, नुसती भुवई उचलतात. तेवढं तिला जन्मभर पुरतं.

आणि मी काय केलं? हसले. हसता हसता माझी पुरेवाट झाली. दुकानात येईल तिच्या नाकासमोर मोबाईल धरला. कापडवाली तर घरी जाता जाता स्वतःच्या छत्रीची पळी करून "टिंग" म्हणाली. दोन आठवड्यांत शाळेतली पोरं जेवणाच्या सुट्टीत एकमेकांपुढे चमचा धरून मागे घ्यायला लागली. ‘कंजूष आजी’ असं नावच पडलं. इनसॉपनं फोन केला, "आई, आतापर्यंत कुठलाच भाग इतका चालला नव्हता!" मी म्हटलं, "घंटा कुणाची कल्पना?" तो म्हणाला, "माझीच." मी त्या दिवशी गोमांसाचं सूप केलं. नवरा म्हणाला, कुणाचा वाढदिवस आहे का.

मग आजींच्या मुलीनं त्या भागाच्या खाली चार ओळी लिहिल्या. ती बुसानला असते, नर्स आहे. तिनं लिहिलं, ‘हंड्याशेजारी एक बुटकं स्टूल आहे, ते तुम्ही चित्रातून कापलंत. त्यावर माझे वडील बसायचे. रोज पहिली पळी त्यांना, मीठ बघायला. ते या हिवाळ्यात गेले. आई अजून हात पुढे करते. त्याला तुम्ही कंजूषपणा म्हणून विकलंत.’

झालं. जे लोक हसत होते तेच उलटले. मला वाटतं, आपण हसलो होतो याचाच राग त्यांनी साहेबांवर काढला. मी तरी दुसरं काय केलं? मी शटर अर्धं ओढून आत बसून राहिले. कापडवाली आली, तिळाची पानं घेतली, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

पिल्सू साहेबांनी माफी मागितली. माफीचीही आमच्याकडे एक पद्धत ठरून गेली आहे. मागे पांढरी भिंत. काळे कपडे. केस विंचरलेले नाहीत, चेहऱ्याला पावडर नाही. दोन्ही हात पोटावर. आधी कमरेतून वाकायचं, तेही इतका वेळ की बघणाऱ्याला वाटावं, आता पुरे. ‘आम्हाला माहीत नव्हतं, पण माहीत नसणं हाही गुन्हाच.’ मग हातानं लिहिलेल्या पत्राचा फोटो. शेवटी, आम्ही काही काळ आत्मचिंतन करू. आत्मचिंतन म्हणजे घरी बसायचं आणि लोकांचा राग उतरला की परत यायचं. ते पत्र साहेबांचं नव्हतं. अक्षर मी ओळखलं. इनसॉपचा ‘म’ लहानपणापासून तिरका आहे.

आत्मचिंतन करायला इनसॉप जॉन्जूला आला.

दिवसभर खोलीत. पांघरुणात मोबाईल धरून लोक काय लिहितात ते वाचत बसायचा. भात नेऊन ठेवला तर संध्याकाळी तसाच. पोराला वाईट वाटतंय, असं मी मनाला समजावलं. आपलं पोर निदान लाजतंय तरी, म्हणून थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू. एका दुपारी मी ताट घेऊन गेले आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसले.

"माफीचा व्हिडिओ बराच चालला," तो मोबाईलवरून मान न उचलता म्हणाला. "आजींच्या भागापेक्षा जास्त."

"चालला म्हणजे?"

"लोक शेवटपर्यंत बघतायत. वाकतात ना साहेब, तिथे तर परत मागे नेऊन बघतायत."

मी ताट खाली ठेवलं. मग म्हटलं, "मूळचं आहे तुझ्याकडे? न कापलेलं?"

"कशाला?"

"मला ते स्टूल बघायचंय."

त्यानं मोबाईल बाजूला ठेवला. मग लॅपटॉप ओढला. चित्र लागलं. तीच टपरी, तोच हंडा, पण घंटा नाही, अक्षरं नाहीत. बाजूला खरंच एक बुटकं स्टूल, बसून बसून मधे खोलगट झालेलं. साहेब कॅमेऱ्याकडे वळून आपल्याच विनोदावर हसत होते. आजींनी पळी भरली, हात पुढे केला, आणि अगदी हळू, शेजारच्या खोलीतल्या माणसाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या,

"अहो, बघा जरा."

मग हात थांबला. मग पळी मागे आली.

आमच्यात ही हाक बायको नवऱ्याला मारते. दुसऱ्या कुणालाही मारत नाही. गिऱ्हाइकाला नाही, भावाला नाही, टीव्हीवरच्या साहेबाला तर नाहीच. लहान पोराला विचारा, ते सांगेल ही हाक कुणाला असते.

"हे इथे होतं?" मी विचारलं.

"हो."

"तुला ऐकू आलं होतं?"

इनसॉपनं लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. हा कानाला हेडफोन लावून एकेक श्वास ऐकणारा पोरगा.

"आई, मला वाटलं… मला वाटलं, म्हातारी बाई आहे, सवयीनं काहीतरी पुटपुटते. हात मागे येतो ना, तो इतका नेमका येतो. त्यावर घंटा अशी बसते की..."

"आवाज कुणी घालवला?"

"मीच. त्याच्यावर घंटा ठेवायची तर तो घालवायलाच लागतो."

"आणि पत्रात लिहिलंस, आम्हाला माहीत नव्हतं."

"साहेबांना नव्हतं माहीत," तो म्हणाला. "खरंच नव्हतं."

मी उठून बाहेर आले. स्वयंपाकघरात उभी राहिले. तोंडून आपोआप निघालं, "अहो..." आणि बैठकीतून नवरा म्हणाला, "काय गं?" त्याला काय सांगणार? "काही नाही," म्हटलं. "काही नाही तर हाक कशाला मारतेस!" तो कुरकुरला. मी ओट्याला धरून उभी होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसंच वाटत होतं. मी काय पोसलं होतं इतकी वर्षं? लोकांच्या मनातलं लिहितो म्हणे!

रात्रीच्या जेवणाला मी त्याला सांगितलं, "उद्या नामवॉनला जायचं. तुझ्या तोंडानं सांगायचं त्यांना."

"जाणारच आहोत," तो म्हणाला. "साहेबांनी ठरवलंय, पुढच्या आठवड्यात. सगळे जाणार. आजींपुढे गुडघे टेकणार. मुलीशीही बोलणं चाललंय."

"कॅमेरा?"

"अगं, कॅमेरा तर लागणारच."

"त्याच्या आधी जा. तू एकटा. काही न घेता."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला खरंच कळत नव्हतं. चेष्टा नव्हती, उद्धटपणाही नव्हता, पोरगा प्रामाणिकपणे विचारत होता. "कुणी बघणारच नसेल, तर मग त्याचा उपयोग काय, आई?"

नवऱ्यानं चॉपस्टिक खाली ठेवल्या. पोराला तो कधी बोलत नाही, तेव्हाही बोलला नाही. पण उठून गेला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि नाशपात्यांची पेटी घेऊन मी एकटीच बसमध्ये बसले. सगळा रस्ता मनात वाक्यं जुळवत होते. ‘मी त्या मुलाची आई.’ एवढंच तर म्हणायचं होतं. पण प्रत्येक वेळी ‘त्या’पाशी येऊन अडायचे.

टपरी शोधावी लागली नाही, रांगच लागलेली. मला वाटलं होतं लोक टिंग करायला येत असतील. ते दिवस गेले होते. आता लोक रडायला येत होते. स्टूलमागच्या भिंतीवर रंगीत कागदाचे छोटे तुकडे चिकटवलेले, ‘आजोबा, रस्सा छान आहे’, ‘आजी, आम्हाला माफ करा’. स्टूलवर कुणी थंड पेयाची बाटली ठेवलेली, कुणी फुलं. एक पोरगी, वीसेक वर्षांची असेल, मोबाईल धरून म्हणाली, "आजी, एकदा कराल का? प्लीज, आम्ही देगूहून आलोय."

आणि माल्सुन आजींनी केलं. पळी भरली, हात स्टूलकडे नेला, थांबवला. सगळे मोबाईल वर. पळी मागे. त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं ते मोबाईल फिरवून स्वतःचंही टिपलं. आजींनी मग तिच्या वाडग्यात रस्सा वाढला आणि वर आणखी एक पळी. आणि आणखी एक. वाडगा काठाला आला तरी हात थांबेना.

मला कोपऱ्यात जागा मिळाली. रांग जरा हलली तशी आजी माझ्यापुढे वाडगा ठेवून म्हणाल्या, "तुम्हालापण करून दाखवू का हो?"

"नको, मावशी."

"नको?" त्यांना नवल वाटलं. त्या माझ्यासमोर टेकल्या, बहुतेक पाय दुखत असावेत. "बरं झालं. हात भरून येतो माझा."

"मग करता कशाला?"

"लांबून येतात पोरं. नाही म्हटलं तर म्हणतील, होतीच ती कंजूष." त्या हसल्या. दात फारसे नव्हते. "मुलगी म्हणते, आई टपरी बंद कर. बंद करून करू काय? घरात स्टूल पण नाही."

मी रस्सा ढवळत राहिले. आता बोल, आता बोल, असं स्वतःला सांगत होते.

"एक सांगू?" आजी म्हणाल्या. परक्या बाईला सांगावं तसं, सहज. "आधी हसत होते ना लोक, त्याचं मला काही नाही. हसू देत. बाजारात जन्म गेला माझा, काय काय ऐकलंय. पण सकाळी, कुणी नसतं तेव्हा, मी एकटी हंडा लावते. तेव्हा हात जायचा यांच्याकडे. आपोआप. आता हात उचलला की माझ्याच कानात ती घंटा वाजते. टिंग. आणि हात परत येतो. आतापर्यंत मीठ यांनी बघितलं, आता कोण बघतंय कुणास ठाऊक. लोक छान म्हणतात. लोकांना काय कळतंय!"

त्या उठून हंड्याकडे गेल्या. मी सांगितलं नाही. जीभ उचललीच नाही. नाशपात्यांची पेटी बाकाखाली सरकवली आणि पैसे ठेवून निघाले. मागून आजी ओरडल्या, "बाई! तुमचं काहीतरी राहिलं!" मी मागे बघितलं नाही. चोरासारखी पळाले.

घरी आल्यावर इनसॉपला मी काही रागावले नाही. तो पांघरुणात होता. मी दारातच उभी राहून आजींचे शब्द सांगितले, जसेच्या तसे. घंटेपर्यंत आले तेव्हा त्यानं मोबाईल उलटा ठेवला.

"ती घंटा मी कितीतरी घंटांतून निवडली होती," तो म्हणाला. उठून पांघरुणाची घडी केली. मग म्हणाला, "किती वाजता हंडा लावतात त्या?"

पहिल्या बसनं आम्ही दोघं निघालो. निघण्याआधी अंगणात तो कुणाशी तरी फोनवर बोलत होता. "साहेबांना सांगायला हवं ना," असं म्हणाला. ते मला बरोबरच वाटलं, मालकाला न सांगता कसं जाणार. त्यानं जाड जाकीट घातलं होतं. वसंत संपत आला होता, पण म्हटलं, पहाटे गारवा असतो.

बाजारात अजून शटरं खाली होती. आजींच्या टपरीचं अर्धं वर होतं, आत दिवा. मी वाकून आत डोकावले.

"काल नाशपाती टाकून पळालेल्या त्या तुम्हीच ना?" आजी म्हणाल्या. "म्हटलं, येतीलच. घ्या तुमची पेटी."

"मावशी," मी म्हटलं, आणि या वेळी जीभ उचलली. "ती घंटा ज्यानं वाजवली, त्याची मी आई. हा तो."

आजींनी इनसॉपकडे बघितलं. फार बघितलं नाही. इनसॉप ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसला, कपाळ जमिनीला लावलं आणि बोलायला लागला. सगळं सांगितलं. हेडफोनमध्ये हाक ऐकू आली होती, ती कुणाला होती तेही कळलं होतं, तरी आवाज घालवला. पत्रात खोटं लिहिलं. मग तो रडला, खांदे हलवून रडला. मीही रडले. मनात म्हटलं, हा माझा मुलगा, परत मिळाला.

"तुला ऐकू आलं होतं तर," आजी म्हणाल्या.

"हो."

आजींनी मान हलवली. मला वाटलं होतं त्या रागावतील, किंवा म्हणतील जाऊ दे पोरा, लहान आहेस. त्यातलं काही झालं नाही. त्या म्हणाल्या, "मग तुझ्याइतकं जवळून ऐकणारं यांच्यामागे दुसरं कुणी नव्हतं की रे. मी हाक मारली ती यांनी काही ऐकली नाही. ऐकलीस ती तू एकट्यानं."

इनसॉपनं डोकं वर केलं. त्याचा हात छातीशी गेला, जाकिटाच्या आत. मला वाटलं, पोराच्या काळजात कळ आली.

"आणि ऐकून त्यावर टिंग केलंस," आजी म्हणाल्या. आवाज चढला नाही. "ऊठ आता. हंडा आणि स्टूलच्या मधे बसलायस."

तो उठून बाजूला झाला. आजींनी भिंतीवरचे रंगीत कागद काढायला सुरुवात केली. सगळे नाही, स्टूलच्या मागचे तेवढेच. बाटल्या उचलून माझ्या हातात दिल्या, फुलं इनसॉपच्या. रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. स्टूल एप्रनच्या टोकानं पुसलं. पळी हातात घेतली आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "जा तुम्ही. पेटी पण न्या. आणि शटर खाली ओढा."

इनसॉपनं शटर ओढलं. ओढलं आणि तिथेच उभा राहिला, मान किंचित तिरकी. ऐकण्याची ती त्याची लकब मी ओळखते. मी त्याचा दंड धरला आणि ओढतच रस्त्यापर्यंत आणला. आतून हाक आली की नाही, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

बसथांब्यावर आम्ही दोघंच होतो. बाकावर बसलो. माझं मन हलकं झालं होतं, लाजही जरा मागे सरली होती. मी पोराच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हा त्यानं जाकिटाची चेन उघडली आणि आतून अंगठ्याएवढं काळं काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. माइक होता. साहेबांच्या प्रत्येक भागात आजी लोकांच्या एप्रनला असतो, तोच.

"साहेब म्हणाले, नुसता आवाज घे," तो म्हणाला. "चेहरा नको, कुणाचा अपमान नको. खरा आवाज असेल तर लोक समजून घेतील."

मी त्या काळ्या गोळीकडे बघत राहिले.

"चालू होता?"

"आत गेलो तेव्हा चालू होता. मी बोलत होतो तेव्हाही. त्या बोलायला लागल्या... ऐकलीस ती तू एकट्यानं म्हणाल्या ना, तेव्हा बंद केला. शपथ, आई. त्यांचं त्यापुढचं काही नाही यात."

म्हणजे तो रडला होता ते सगळं त्यात होतं. कपाळ फरशीला लागल्याचा आवाज असेल. माझे हुंदके असतील. मला आठवलं, तो किती स्पष्ट बोलत होता, मधे कुठेच अडखळला नव्हता.

"ते रडणं," मी म्हटलं. "ते कुणासाठी होतं?"

तिसरीत असताना शाळेतून कुणाचीतरी पेन्सिल घेऊन आला होता, तेव्हा झाला होता तसा इनसॉपचा चेहरा झाला. "मला कळत नव्हतं, आई," तो म्हणाला. "सुरुवातीला त्यात जात होतं म्हणून रडत होतो बहुतेक. मग नंतर... नंतर खरंच आलं. पण कुठून खरं सुरू झालं ते मलाच ऐकू आलं नाही."

त्यानं माझ्या हातातून माइक घेतला, मोबाईलला जोडला, माझ्यासमोर धरून काय काय दाबलं. "पुसलं," म्हणाला. "बघ, काही नाही आता. साहेबांना सांगतो, जमणार नाही. गुडघे टेकायला पण येणार नाही मी." पडद्यावर खरंच काही नव्हतं. मला त्यातलं कळतं काय? पुसलं की नुसतं दुसरीकडे ठेवलं, मी कशी ओळखणार होते?

"आई, तू तरी विश्वास ठेवशील ना?"

समोरच्या वळणावर बस दिसायला लागली. मला हो म्हणायचं होतं. आईनं हो म्हणायचं असतं. पण शब्द तोंडापर्यंत आला आणि पळीसारखा मागे वळला. मी गप्प बसले. तोही गप्प राहून माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, त्याला सवय आहे तसं, एकटक. मग त्यानं नजर खाली घातली, त्याचे कान लाल झाले, आणि नाशपात्यांची पेटी उचलून तो माझ्याआधी बसमध्ये चढला.

माझ्या त्या गप्प बसण्याखाली त्यानं काय लिहिलं असेल, ते मला अजून त्याला विचारवत नाही.